घाटातून मोटारसायकलने जाताना : कराड–चिपळूण फेरीचे नियोजन



रब्बीची पेरणी आटोपली, गव्हाला पहिले पाणी दिले, की चार दिवस उसंत मिळते. अशा वेळी देशावरचे बरेच शेतकरी कोकणात उतरतात. कुणाला आंब्या-काजूच्या कलमांची नोंदणी करायची असते, कुणाला एखादी बाग बघायची असते, कुणाची लेक तिकडे दिलेली असते. पूर्वी एस. टी. शिवाय इलाज नव्हता. आता घरोघरी मोटारसायकल आहे. किल्ली फिरवली की निघाले! पण घाटाचा रस्ता म्हणजे गावचा पाणंद रस्ता नव्हे. पेरणीआधी आपण बियाणे, खत, वापसा बघतो, तशीच या प्रवासाचीही आखणी केली पाहिजे. आज आपण कराड ते चिपळूण हा कुंभार्ली घाटाचा रस्ता उदाहरणादाखल घेऊ.

रस्ता आणि वेळ

कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, अलोरे आणि चिपळूण. अंतर सुमारे १०० कि.मी. आता कुणी म्हणेल, "साहेब, शंभर किलोमीटर म्हणजे दोन तासांचे काम." हा हिशेब सपाटीचा झाला. घाटात ताशी २०-२५ कि.मी. पेक्षा जास्त वेग धरू नये. वाटेतली गावे आणि विश्रांती धरून चार तास लागतील असे समजून निघावे.

सकाळी सात वाजता, नीट उजाडल्यावर निघा. फार पहाटे निघालात तर कोयनेच्या खोऱ्यात धुके भेटते. नऊच्या सुमारास कोयनानगरला थांबा, चहा घ्या, गाडी निववा. ऊन वर आले की घाट उतरा. परतताना चिपळूण दुपारी बाराच्या आत सोडा. म्हणजे वाटेत पंक्चर झाले तरी दिवस हाताशी राहतो. अंधारात घाट नको. कराड-पाटण पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, हे आपल्यालाच ठाऊक आहे.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, हा बेत करूच नका. दरडी कोसळतात, दाट ढग रस्त्यावर उतरतात.

गाडीची तपासणी

निघण्याच्या आदल्या दिवशी, सावकाश, स्वतः बघा :

१) दोन्ही ब्रेक. लायनर किंवा पॅड झिजले असतील तर बदला. डिस्क ब्रेक असल्यास तेलाची पातळी बघा.
२) टायर. नक्षी झिजलेला टायर घाटात नेऊ नये. हवा गाडी थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढीच भरा.
३) चेन फार सैल नको, फार ताठही नको. तेल द्या.
४) हॉर्न, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा.
५) पेट्रोल. सपाटीला गाडी लिटरला ५० कि.मी. देत असेल तर दोन माणसे व घाट धरून ४० समजा. जाऊन-येऊन २०० कि.मी. ला ५ लिटर, वर एक लिटर जादा.

उतारावर गाडी गिअरमध्येच हवी

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून माझीच फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक प्रात्यक्षिक उरकून मी आणि एक शेतकरी मित्र घाट उतरत होतो. पेट्रोल वाचवावे म्हणून मी इंजिन बंद केले, गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर उतरू लागलो. तीन-चार वळणे बरी गेली. पाचव्या वळणावर ब्रेक दाबला, तर तो लागेचना! गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात गेली. दरीच्या बाजूला गेली असती तर हे लिहायला मी उरलो नसतो. माझे गळपट्टीचे हाड मोडले. मित्राचा पाय मोडला आणि त्याचा सबंध रब्बी हंगाम गेला. वाचलेले पेट्रोल पावशेर नसेल.

असे का झाले? बैलगाडी उताराला लागली की ती बैलांच्या अंगावर येते. गाडीवान बैलांना आवरत, पावलापावलाने उतरतो. मोटारसायकलचे इंजिन हा आपला बैल. खालच्या गिअरमध्ये ते गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रल केले की बैल सोडलेली गाडी झाली. सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि तापलेल्या ब्रेकची पकड जाते.

म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. ब्रेक तापल्याचा वास आला तर रुंद जागा बघून थांबा, आपोआप निवू द्या. वरून पाणी ओतू नका.

वळण कसे घ्यावे

वेग वळणाआधी कमी करा. वळणात शिरल्यावर जोराचा ब्रेक मारला की चाक घसरते. पुढचे दिसत नसेल तेथे हॉर्न द्या आणि आपली डावी बाजू सोडू नका. उजव्या वळणावर आतून कापण्याचा मोह होतो, तेथेच समोरून ट्रक येतो. ताशी ४० कि.मी. वेगात गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, जवळजवळ एस. टी. च्या लांबीइतकी. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो.

नागमोडी वळणावर एस. टी. किंवा ट्रकला सगळा रस्ता लागतो. आपण अलीकडेच थांबा, त्याला जाऊ द्या. चढणाऱ्या ट्रकच्या अगदी मागे राहू नका, तो मागे घसरू शकतो. रस्ता अरुंद असेल तेथे चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे. वळणावरची खडी, सांडलेले डिझेल, बसलेली गुरे यांच्यावर नजर ठेवा.

माणसे आणि ओझे

गाडीवर दोघेच. हेल्मेट दोघांनाही, आय. एस. आय. शिक्क्याचे, पट्टा बांधून. लहान मूल तिसरे बसवू नका. मागे बसणाऱ्या बाईने साडीचा पदर, आणि पुरुषाने उपरणे, खोचून घ्यावे. ते चाकात गेले तर क्षणात माणूस खाली येतो. पिशवी हँडलला अडकवू नका. ओझे दोन्ही बाजूंना सारखे बांधा.

कलमे मात्र मोटारसायकलवरून आणू नका. वाऱ्याने पाने सुकतात, हादऱ्याने मुळांची माती फुटते. या फेरीत रोपवाटिका बघून नोंदणी करा. पावसाळ्याच्या तोंडाला चार जण मिळून टेम्पो करा. दापोलीचे कृषी विद्यापीठ बघायचे असेल, तर गाडी चिपळूणला पाहुण्यांकडे ठेवून पुढे एस. टी. ने जा. अंगाला विश्रांती मिळते.

सोबत काय घ्याल

लायसन्स, गाडीचे कागद, विमा, पी. यू. सी., पाणी, पंक्चरचे सामान, स्वच्छ कापड. घाटात फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. कधी पोहोचणार, हे घरी सांगून निघा. अपघात दिसला तर १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर मदत मागा. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, घाबरून पुढे जाऊ नका.

लक्षात ठेवा : उजेडात निघा, उजेडात पोहोचा. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा. वळणाआधी वेग कमी करा. चार तासांचे पाच तास झाले तरी बिघडत नाही. पीक घरी वाट बघते आहे, आणि माणसेही.

आपल्या शंका पोस्टकार्डावर लिहून कार्यक्रमाकडे पाठवा. त्यांची उत्तरे आपण पुढील भागात देऊ.