शेवटच्या तीन बळींचा भाव

नोव्हेंबर २००५ मध्ये टोरंटो ब्लू जेजने बी. जे. रायनशी ५ वर्षांचा, ४ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा बेसबॉल जगतात अनेकांच्या भुवया उंचावल्या. रायन रिलीफ पिचर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी नंतर उतरणारा. त्यातही क्लोजर, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये आघाडी राखून शेवटचे तीन बळी मिळवणारा. आपल्याकडे अखेरची षटकं टाकणाऱ्याचं काम असतं, तसंच हे. पहिल्या वर्षी त्याने ३८ सामने राखून दिले. दुसऱ्या वर्षी कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २००९ मध्ये, कराराची मुदत उरलेली असतानाच, संघाने त्याला मोकळं केलं. पैसे मात्र द्यावेच लागले.

पुढच्या वीस वर्षांत आकडे फुगले, पण कथानक फारसं बदललं नाही. २०१६ च्या डिसेंबरात काही दिवसांच्या अंतराने तीन मोठे करार झाले. मार्क मेलान्सनला जायंट्सने ४ वर्षांसाठी ६ कोटी २० लाख दिले, अरोल्डिस चॅपमनला यँकीजने ५ वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख आणि केन्ली जॅन्सनला राखण्यासाठी डॉजर्सने ५ वर्षांसाठी ८ कोटी. मेलान्सनचा हात पहिल्याच वर्षी दुखावला. पुढच्या हिवाळ्यात कोलोराडो रॉकीजने वेड डेव्हिस, ब्रायन शॉ आणि जेक मॅगी या तिघांवर मिळून १० कोटी ६० लाख ओतले. डेव्हिसने २०१८ मध्ये ४३ सामने राखले. २०१९ मध्ये दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती ८.६५. २०२० संपेपर्यंत तिघांनाही नारळ मिळाला होता.

असं का होतं? १६२ सामन्यांच्या हंगामात संघ साधारण १,४५० इनिंग टाकतो. क्लोजरच्या वाट्याला त्यातल्या साठ-सत्तर येतात. इतक्या थोड्या कामात दोन-तीन वाईट रात्री सगळं गणित बिघडवतात, आणि तितक्याच चांगल्या रात्री सुमाराला सोनं ठरवतात. त्यात प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकायचा, म्हणजे खांदा आणि कोपर पणाला. तरी संघ पैसे मोजतात ते ऑक्टोबरसाठी. बाद फेरीत एकच इनिंग अख्खा हंगाम बुडवू शकते. १९ ऑक्टोबर २०१९ ला ह्यूस्टनमध्ये यँकीजने नवव्या इनिंगमध्ये बरोबरी साधली होती. चॅपमनच्या स्लायडर चेंडूवर ह्यूस्टनच्या होसे अल्टुवेने होमरन ठोकला आणि मालिका संपली. चॅपमन तिथेच उभा राहून हसत राहिला, आपल्याच नशिबावर विश्वास बसत नसल्यासारखा.

महागड्या कराराच्या बाजूने बोलणारे मारियानो रिव्हेराचं नाव घेतात. ६५२ सेव्ह, म्हणजे राखलेले सामने, आणि हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवड झालेला पहिला खेळाडू. पण यँकीजने त्याला राखलं कसं, तेही पाहावं. २००७ च्या हंगामानंतर ३ वर्षांचे साडेचार कोटी, २०१० नंतर २ वर्षांचे ३ कोटी, शेवटचा हंगाम एका वर्षाच्या करारावर. पैसा भरपूर दिला, मुदत मात्र आखूड ठेवली.

चॅपमनचं पुढचं आयुष्य हेच सांगतं. २०२२ मध्ये सक्तीचा सराव चुकवल्यावर यँकीजने त्याला बाद फेरीच्या संघात घेतलं नाही. मग एकेका वर्षाच्या करारांवर फिरत तो २०२३ मध्ये टेक्सासकडून विजेता ठरला आणि २०२५ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, बॉस्टनकडून सरासरी १.१७ राखली. जॅन्सननेही डॉजर्स सोडल्यावर २०२२ मध्ये अटलांटासाठी ४१ सामने राखले, तेही एकाच वर्षाच्या बोलीवर.

मेट्सने २०२२ च्या शेवटी एडविन डियाझला ५ वर्षांसाठी १० कोटी २० लाख देऊन राखलं; रिलीफ पिचरसाठी दहा कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. चारच महिन्यांनी आपल्या प्वेर्तो रिको संघाचा विजय साजरा करताना उड्या मारण्याच्या भरात त्याचा गुडघा गेला आणि २०२३ चा हंगाम वाया. २०२५ मध्ये डॉजर्सने टॅनर स्कॉटला ४ वर्षांसाठी ७ कोटी २० लाख दिले. त्याच्या हातून दहा आघाड्या निसटल्या, आणि जगज्जेतेपदाचा शेवटचा बळी घेतला तो मूळच्या स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्या, योशिनोबू यामामोटोने. लगेच डॉजर्सने डियाझला ३ वर्षांसाठी ६ कोटी ९० लाखांना घेतलं.

डॉजर्सना असा तोटा पचतो, रॉकीजना पचला नाही. म्हणून मुरलेल्या रिलीफ पिचरला राखावं, प्रसंगी चढ्या भावानेही. पण हात सैल सोडायचा तो डॉलरमध्ये, वर्षांमध्ये नव्हे.