पऱ्हाटीची राख, जपानी झिलई
आता आपण वडनेरकडे येऊ. हिंगणघाट तालुक्यातल्या या कापूसपट्ट्यात चुलीत पऱ्हाटी जळते. राखेला तोटा नाही. जपानी कुंभार लाकडाच्या राखेत फेल्डस्पार नि माती कालवून झिलई करतात. जपानात कुंभारकाम शिकलेल्या बर्नार्ड लीच यांच्याकडे आपल्या निर्मला पटवर्धन यांनी काम केलं, पुढे झिलईचे पुष्कळ प्रयोग केले. मग आपली राख का नको?

चालेल की! पण ही झिलई वितळायला साधारण १२५० अंश सेल्सिअस लागतात. गावचा आवा हजाराच्या आतच राहतो. शिवाय एवढ्या तापाला आपली लाल माती वाकते, बसते. म्हणून आधी ताप सोसणारी माती नि बंद भट्टी हवी, राख त्यानंतर. राखही शेतागणिक बदलते. तेव्हा पहिली चाचणी लहान तुकड्यांवर करू, भांडं मग.