म्हणे, पेरभाताला पाणी लागत नाही!

‘साळ पेरा, हे वाण बिनपाण्याचं आहे.’ पेरणीच्या तोंडावर हे वाक्य हमखास कानावर येतं आणि दरवेळी डोकं फिरतं. भाताचं बिनपाण्याचं वाण अजून जन्माला यायचंय.

पेरभाताला साचलेलं पाणी लागत नाही, एवढंच खरं. त्या पाण्याचा मोठा उपयोग तण दाबायला. ते नसलं की खुरपणी वाढते. ओल मात्र हवीच, आणि ती कधी मिळते यावर सगळं ठरतं. फुटव्यांच्या काळात आठ-दहा दिवस उघडीप पडली तर दुपारी पानांच्या सुरळ्या होतात, संध्याकाळी उलगडतात. फुटवे घटतात, पण पीक सावरतं. तीच उघडीप साळ निसवताना आली की लोंबी पोटरीतून पुरती बाहेर पडत नाही, फुलोरा वांझ जातो. मग कितीही कोसळला तरी उपयोग शून्य. लोंबी चिमटीत दाबून पाहा, नुसतं पोचट.

‘पण संशोधन झालंय ना?’ झालंय, तेच वाचा. किनानदांग पातोंग हे फिलिपाइन्समधलं कोरड्या रानातलं वाण. मुळं खोल नेणारं त्याचं ‘डीआरओ-१’ जनुक जपानी शास्त्रज्ञांनी ‘आयआर-६४’ या भाताच्या वाणात आणलं, निष्कर्ष २०१३ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आले. कडक दुष्काळात मूळ ‘आयआर-६४’ला जवळपास काहीच पिकलं नाही. खोल मुळांच्या वाणाला पिकलं, पण भरपूर पाण्यात येणाऱ्या उत्पादनाच्या साधारण ३० टक्के! मूळ पाणी तयार करत नाही, खालची ओल गाठतं. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर गाठणार काय?

झारखंड-ओडिशात २०१० साली आलेलं ‘सहभागी धान’ दुष्काळात टिकतं, हे खरं. पण ते साधारण १०५ दिवसांत तयार होतं. पाऊस संपण्याआधी उरकून घेणं, हीही त्यातली हुशारीच.

पानं पिवळी पडली म्हणजे पाणी कमी पडलं? चुनखडीच्या काळ्या रानात बहुधा नाही. पाणी साचत नसल्यानं तिथलं लोह पिकाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हिराकस फवारा.

चार दिवस पाणी तुंबलं की पेरभात कुजतो? अहो, भातच आहे तो. मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या त्यालाही असतात. उगवण होईपर्यंत तेवढं पाणी साचू देऊ नका.