खाडा कोण मोजतो? नवा विद्यार्थी, मदत आणि भीड

या मालिकेत आजवर आपण न्याय, हक्क, कर्तव्य असे भारदस्त शब्द घेऊन बसलो. आज त्याच शब्दांना जरा पेठेतून फिरवून आणू. विषय तसा साधा आहे. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या नव्या मुलाला किंवा मुलीला कोणती मदत लागते, ती कुठे मिळते, आणि मिळण्यासारखी असूनही पुष्कळदा त्यांच्यापर्यंत का पोचत नाही? आपण नारायण पेठेत बसलो आहोत, तेव्हा सुरुवात इथूनच करू.

पेठ हाच कॅम्पस

कॅम्पस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणेशखिंडीतलं विद्यापीठ येतं. चारशेहून अधिक एकरांचं आवार, जुनी दगडी मुख्य इमारत, वडाची झाडं. पण १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा खरा पसारा त्या आवाराबाहेर आहे. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. बहुसंख्य विद्यार्थी या महाविद्यालयांत शिकतात. गणेशखिंडीत त्यांचं येणं झालंच तर एखाद्या दाखल्यापुरतं. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मोजक्या, त्या गुणवत्ता यादीत संपतात. उरलेली मुलं जातात कुठे?

ती येतात इथे. पत्र्या मारुतीच्या आजूबाजूला, जुने वाडे पाडून झालेल्या इमारतींत, कॉट बेसिसवर. एका खोलीत तीन-चार कॉट, एक कपाट, खिडकीत वाळत घातलेले कपडे. जेवायला मेस, बसायला अभ्यासिका, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, संध्याकाळी मोकळी हवा हवी असेल तर नदीकाठ. म्हणजे पेठ हाच त्यांचा कॅम्पस झाला. फक्त या कॅम्पसला रेक्टर नाही, दवाखाना नाही आणि सूचना फलकही नाही.

मात्र इथे एक नोंद नियमाने ठेवली जाते, आणि आजच्या विषयात ती फार महत्त्वाची आहे. ती म्हणजे मेसचा खाडा. मेसमध्ये जेवणाऱ्याला तो सांगायला नको. आपण एक वेळ जेवायला गेलो नाही की तो खाडा. महिनाअखेरीस हिशेबात धरायचा की नाही, यावर वाद घालायचा. काकू ही नोंद पैशांसाठी ठेवतात, यात शंका नाही. पण सलग चार खाडे पडले की त्याच काकू रूम पार्टनरला विचारतात, "अरे, तो लातूरचा दिसला नाही चार दिवस. बरा आहे ना?" पुष्कळ मुलांच्या बाबतीत सबंध शहरात हा प्रश्न विचारणारं तेवढं एकच माणूस असतं. मदतीच्या व्यवस्थेचा विचार करताना हा प्रश्न आपण हाताशी ठेवू.

वार, वसतिगृह आणि हक्क

पुण्यात गरीब विद्यार्थ्याला मदत करण्याची परंपरा जुनी आहे. तिच्या आपण तीन पायऱ्या पाहू.

पहिली पायरी वाराची. वार लावून जेवायचं म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात दिवसांची सात घरं. नाहीतर माधुकरी: दुपारी झोळी घेऊन घरोघरी जायचं. यातून कित्येक पिढ्या शिकल्या, हे खरं. या पद्धतीत एक गुणही होता. मंगळवारचा मुलगा मंगळवारी आला नाही तर घरात चौकशी होई. खाडा लक्षात येई. पण दोषही मोठा होता. वार जात पाहून मिळे. ब्राह्मण मुलाला जे दार उघडं होतं, ते दलित मुलाला बंद होतं, बहुजन समाजातल्या मुलालाही सहसा उघडत नसे. आणि शिकायला आलेल्या मुलीसाठी वार ही कल्पनाच नव्हती. शिवाय ज्याला वार मिळे, त्यालाही उपकाराचं ओझं मिळे. कुठल्या घरी पानावर काय आणि कसं वाढलं गेलं, हे अशी मुलं म्हातारपणापर्यंत विसरली नाहीत.

दुसरी पायरी संस्थांची. याच पेठेत, पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवर, हुजूरपागेची मुलींची शाळा आहे. १८८४ साली रानडे, भांडारकर, मोडक यांच्या पिढीने ती सुरू केली. बाहेरगावच्या मुलींसाठी राहण्याची सोय हा तिच्या कामाचा भाग होता. मुलींनी शिकावं की नाही यावरच वाद चाललेला असताना त्या माणसांना एक गोष्ट कळली होती: राहायची सोय नसेल तर शाळेचं दार उघडं असून उपयोग नाही. पुढे १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कामातून नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. नारायण पेठेतून नाना पेठेत चालत जायला अर्धा-पाऊण तास लागतो. पण वाराच्या घरांतून ज्यांना कधी जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी ते अंतर किती मोठं होतं याचा आपण विचार करावा.

हेच काम कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी राज्याच्या बळावर केलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, आणि त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुलं, अशी वसतिगृहांची रांगच त्यांनी उभी केली. त्यांच्या वसतिगृहांचा संस्कार घेतलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकाच छपराखाली, एकाच पंगतीला बसवली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुलाला फुकट काही द्यायचं नाही. त्याने काम करायचं, कमवायचं आणि शिकायचं. आज आपल्या विद्यापीठात आणि महाविद्यालयांत जी 'कमवा व शिका' योजना चालते, ती कर्मवीरांच्याच नावाने. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज काही तास काम करून मुलं स्वतःचा खर्च भागवतात. ग्रामीण मुलांसाठी १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहायक समिती याच परंपरेतली.

तिसरी पायरी हक्काची. ती आपल्या काळातली. कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहता, नियमाने मिळणारी मदत. शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम देते. इतर काही गटांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ सालीच कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली देशभरासाठी विनियम केले. २०२३ च्या विनियमांनुसार तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असायला हवा.

कागदावर पाहिलं तर कुठल्याही पिढीला मिळाली नव्हती एवढी मदत आज आहे.

कान्ट काय म्हणाला

वाराकडून हक्काकडे झालेला हा प्रवास योग्यच दिशेने झाला, हे निःसंदिग्धपणे म्हटलं पाहिजे. इमॅन्युएल कान्टने उतारवयात लिहिलेल्या 'नीतीचे तत्त्वमीमांसाशास्त्र' या ग्रंथात परोपकाराची चर्चा केली आहे. त्याचं म्हणणं असं की गरिबाला मदत करणं हे आपलं कर्तव्य आहे. पण मदतीमुळे घेणाऱ्याला कमीपणा येतो, म्हणून तो कमीपणा त्याला वाटू नये अशा रीतीने देणं हेही कर्तव्याचाच भाग आहे. आणि तो पुढे आणखी टोचणारा प्रश्न विचारतो. काहींजवळ देण्याइतकं आहे आणि काहींना घ्यावं लागतं, हे मुळात अन्यायातून आलं असेल, तर श्रीमंताच्या दानाला दान तरी म्हणायचं का?

हक्काची मदत या प्रश्नाला उत्तर देते. ती कोणापुढे वाकायला लावत नाही. पण ती देताना एक गोष्ट आपल्या हातून निसटली. वाराच्या घरात खाडा लक्षात येई, पोर्टलला तो येत नाही. महाडीबीटीवरचा अर्ज अपूर्ण राहिला तर पोर्टल अर्ज अपूर्ण असल्याचं दाखवतं. मुलगा का थांबला, हे विचारत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायला गावी जावं लागतं, जायला भाडं नाही, आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, एवढ्याशा कारणाने वर्षभराची शिष्यवृत्ती हुकते.

भीड

इथे आपण मूळ अडचणीपाशी येतो. ही सगळी मदत मागितल्यावर मिळते, आणि नव्या विद्यार्थ्याला मागता येत नाही. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, असं आपण म्हणतो. पण रडायचं कोणाजवळ, हे तरी ठाऊक हवं. आपल्याकडे दुसरी म्हण आहे: भीड ही भिकेची बहीण. गावात पहिला आलेला मुलगा इथे साठ जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. इंग्रजीतलं व्याख्यान कळलं नाही, हे सांगायची भीड. मेसचे पैसे संपले, हे घरी सांगायची भीड, कारण घरी काय विकून पैसे पाठवले ते त्याला माहीत असतं. रात्र-रात्र झोप लागत नाही, हे तर कोणालाच सांगायचं नाही.

ही भीड म्हणजे मुलाचा दुबळेपणा नव्हे. गरज सांगणं म्हणजे लायकी नसल्याची कबुली, असं त्याला शिकवणारी आपली सगळी रचना आहे. आणि त्याची किंमत लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. प्रत्येक घटनेची कारणं वेगळी आणि गुंतागुंतीची असतात, तेव्हा एकाच कारणावर बोट ठेवू नये. तरीही त्या मुलांची गैरहजेरी आधी कोणाच्या लक्षात आली होती का, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

महाविद्यालयही गैरहजेरी मोजतं, असं कोणी म्हणेल. मोजतं ना! पंच्याहत्तर टक्के भरले नाहीत की नाव डिफॉल्टर यादीत. आता फरक पाहा. काकूंच्या वहीतल्या खाड्यामागून प्रश्न येतो: बरा आहे ना? डिफॉल्टर यादीमागून शिक्षा येते. नोंद दोन्हीकडे तीच. आज आपल्याला एवढंच म्हणायचं आहे: महाविद्यालयाच्या हाताशी माहिती असते, तिचा उपयोग आधी विचारपूस करण्यासाठी व्हावा, शिक्षेचं नंतर पाहू. सलग तीन दिवस न आलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एक फोन. त्याला ना नवी योजना लागते, ना अनुदान.

आपल्याकडे दीक्षान्त समारंभ थाटात होतो. तैत्तिरीय उपनिषदातला आचार्यांचा प्रसिद्ध उपदेशसुद्धा निघालेल्या शिष्याला आहे. आलेल्याचं स्वागत मात्र आपण विसरलो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली, तेव्हा हा शब्द निदान कागदावर आला. पण अनेक ठिकाणी दीक्षारंभ म्हणजे सभागृहात तीन भाषणं आणि एक पेन. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं द्यावीत, आणि पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्येकाशी एकदा तरी समोरासमोर बोलणं व्हावं. राहतोस कुठे, जेवतोस कुठे, दाखले झाले का, वर्गातलं कळतंय का. हे चार प्रश्न पुरेत.

ऐकणाऱ्यांत नवे विद्यार्थी असतील, त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. पहिल्याच आठवड्यात महाविद्यालयातले विद्यार्थी विकास अधिकारी कोण आणि शिष्यवृत्तीची खिडकी कोणती, हे विचारून ठेवा. 'कमवा व शिका'ची चौकशीही तिथेच करा. दाखले गावाहून निघतानाच काढा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे करता येते. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. मन फार जड झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि पहिलं वर्ष अडखळत गेलं तर सगळं संपलं असं समजू नका. ज्यांचा केसरीवाडा याच पेठेत आहे, त्या टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा तब्येत कमावण्यात घातलं होतं, हे प्रसिद्धच आहे.

जे विद्यार्थी नाहीत, पण ज्यांच्या इमारतीत, शेजारच्या खोलीत, ओळखीच्या मेसमध्ये ही मुलं आहेत, त्यांचंही काम उरतं. हक्क मिळवून देणं सरकारचं आणि संस्थेचं काम आहे, ते त्यांच्याकडून करूनच घेतलं पाहिजे. विचारपूस मात्र आपल्यापैकी कोणालाही करता येते, आणि तिला जात पाहावी लागत नाही. आपण इथे थांबू. आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न एखाद्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारला तर अधिक आनंद होईल.