अम्मीच्या साड्यांचा दस्तरख्वान

रमजानच्या आधी पंधरा दिवस घर आवरायला काढायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. पडदे उतरवायचे, माळ्यावरचे डबे घासायचे, सतरंज्या उन्हात टाकायच्या. मागच्या वर्षी शाबान महिन्यात असंच आवरताना अम्मीची पत्र्याची पेटी खाली उतरवली. अम्मीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

तिच्या चांगल्या साड्या आम्ही आधीच गरजू बायकांना देऊन टाकल्या होत्या. पेटीत उरल्या होत्या त्या रोजच्या वापरातल्या. मालेगावच्या यंत्रमागावरच्या सुती साड्या, एक विटलेली इरकली, तीन ओढण्या. कुठे पदर विरलेला, कुठे काठाला रफू केलेलं. अम्मीचाच दंडक होता की फाटकं कापड कुणाच्या हातावर ठेवायचं नाही, देणाऱ्याचीच त्यात लाज जाते. म्हणजे या साड्या देता येत नव्हत्या. नेसण्यासारख्याही राहिल्या नव्हत्या. भाभी म्हणाली, "पुसायला होतील." तिचं काही चुकलं नव्हतं. घरोघरी जुन्या सुती साडीचं हेच होतं. पण अम्मीच्या साडीनं फरशी पुसायला माझा हात धजेना. पेटी पुन्हा बंद केली.

मी मुळशी तालुक्यात राहते आणि इथल्याच एका महाविद्यालयात शिकवते. हा पावसाचा तालुका. ताम्हिणीकडून पाऊस उतरला की चार महिने घरातली भिंत कोरडी होत नाही. अशा ओलीत अंगावर काय घ्यायचं, याचं उत्तर इथल्या बायकांनी फार पूर्वी शोधून ठेवलं आहे. वाकळ. कुणी तिला गोधडी म्हणतं. जुनी लुगडी, धोतरं, शर्टाचे तुकडे एकावर एक अंथरायचे आणि साध्या धावदोऱ्यानं शिवून टाकायचे. पैसा लागतो तो सुईदोऱ्याचा.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवतात. त्यांच्या सासूचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्यात गेलेलं. सेनापती बापटांनी १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. सासू सांगायची की गाव सुटलं तेव्हा भांडीकुंडी वाकळीत बांधून डोक्यावर आणली. ती वाकळ पुढं जीर्ण झाली तेव्हा टाकून दिली नाही. तिच्यावर नवी लुगडी चढवून पुन्हा शिवली. आक्कांच्या अंथरुणातल्या वाकळीच्या पोटात अजून ते कापड आहे.

पेटीची गोष्ट मी आक्कांना सांगितली. त्या म्हणाल्या, "आगं पोरी, कापड वापरलं तर ऱ्हातं. पेटीत ठिवलं तर कसर खाती."

वाकळ शिवायची तर पोटात भरायला भरपूर कापड लागतं. तेवढं माझ्याकडे नव्हतं. मग सुचलं की दस्तरख्वान करू. सतरंजीवर अंथरायचं, त्यावर इफ्तारची ताटं मांडायची. दोन पदरांचं काम, साडीच्या पन्ह्याइतकी रुंदी, सारं घर दोन्ही बाजूंना बसेल एवढी लांबी. बाजारातला प्लास्टिकचा दस्तरख्वान रमजान संपेपर्यंत घड्यांवर तडकतो. हा निदान धुता तरी येईल.

आपाला फोनवर सांगितलं तर ती भडकली. "अम्मीच्या साडीवर सालन सांडायचं? कुणाचा पाय पडला तर? तुला काही वाटतं की नाही?" तिनं फोन ठेवला. दोन दिवस मीही काम हातात घेतलं नाही. आपाचं म्हणणं मला खोटं वाटत नव्हतं. आठवण जपायची म्हणजे ती हातापायांपासून लांब ठेवायची, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. पण अम्मी स्वतः कधी तशी लांब बसली नव्हती. इफ्तारला सगळ्यात शेवटी टेकायची आणि पदरानंच नातवंडांची तोंडं पुसायची. त्या साड्यांना सालनाचे डाग नवे नव्हते. तिसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन आक्कांच्या ओसरीवर गेले.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगते. कापड सुतीच घ्यावं. कृत्रिम धाग्याचं कापड सुईखाली सरकतं आणि पाणीही टिपत नाही. तुकडे कापण्याआधी सगळं कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, वेगवेगळं धुऊन वाळवावं. रंग जाणारा असेल तर तो तेव्हाच कळतो. विरलेला भाग कापून बाजूला काढावा, मात्र काठ टाकू नयेत. काठाचं कापड सगळ्यात चिवट असतं आणि चौकटीला तेच शोभतं. मग अस्तराचं कापड जमिनीवर ताणून पसरावं. चारही कोपऱ्यांवर जड वस्तू ठेवाव्यात, आम्ही आक्कांच्या घरचे पाट ठेवले. त्यावर तुकडे मांडावेत. मांडणीत घाई करू नये, एक संध्याकाळ त्यातच जाऊ द्यावी. मनासारखं झालं की लांब लांब टाके घालून सगळं टाचून घ्यावं आणि मग जाड सुती दोऱ्यानं धावदोरा घालावा. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येतात. असं केल्यानं कापड कडेला ओढलं जात नाही आणि झोळही पडत नाही. टाका अर्ध्या बोटाहून मोठा नको. शेवटी टाचणाचे टाके उसवून टाकावेत.

रोज असर ते मगरिबच्या मधला वेळ आम्ही या कामाला दिला. रमजान सुरू झाला तरी एक हातभर काम बाकी होतं. शेवटी मधल्या चौकटीला कापड कमी पडलं. आक्का उठून आत गेल्या आणि आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेऊन आल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "तुझी आय माझ्या वसरीवर किती बसलीय. माझं बी कापड लागू दे की तिला."

मी मुलांना उर्दू शिकवते, त्यामुळे शिवता शिवता डोक्यात शब्द घोळायचे. मराठीतली गोधडी आणि आपली गुदडी जवळच्या बहिणी. फाटक्या गुदडीतही माणिक सापडतं म्हणून 'गुदडी का लाल' हा वाक्प्रचार. ठिगळाला उर्दूत पैवंद म्हणतात, आणि झाडाला बांधलेल्या कलमालाही पैवंदच म्हणतात. जोडलेलं पुढं वाढतं, हे त्या शब्दात आहे. सूफी दरवेशांच्या ठिगळांच्या झग्याला मुरक्का म्हणत. पुढे मुघल दरबारात चित्रं आणि सुलेखनाची पानं जोडून जे मौल्यवान संग्रह बांधले गेले, त्यांचंही नाव मुरक्काच. फकिराचा झगा आणि बादशहाचा चित्रसंग्रह यांना भाषेनं एकच शब्द दिला, कारण दोन्ही तुकडे जोडूनच होतात. इकडे महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) जन्मभर चिंध्यांचंच वस्त्र अंगावर घातलं आणि हातात खराटा धरला. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत.

ही कला एका गावाची किंवा एका जमातीची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचा कांथा होतो आणि भरतकामाला लागणारा रंगीत धागा त्याच साड्यांच्या काठातून ओढून काढायची तिथली जुनी पद्धत आहे. सिंधमध्ये रल्ली आहे. आपल्या सीमेपलीकडे कर्नाटकात हल्याळ, येल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची तिकोनी फुलं लावतात. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. कुणी मध्ये चंद्रकोर घालतं, कुणी क्रूस. शिवायची रीत सगळ्यांची एक.

गंमत अशी की आमच्याच तालुक्यात हिंजवडीचे उंच मनोरे उभे आहेत आणि तिथल्या घरांतून गोधडी आता भिंतीवर टांगलेली दिसते. प्रदर्शनात तिला चांगला भाव येतो. हाताला दाम मिळत असेल तर आनंदच आहे. पण माझ्या विद्यार्थिनींना मी विचारलं, तेव्हा बहुतेकींच्या घरी आजीनं शिवलेली गोधडी होती आणि शिवता येणारी एकच निघाली. ती विकत आणता येईल, पण कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे दुकानदार कसं सांगणार?

सगळ्यांनाच सुई धरायला वेळ नसतो, हे मला कळतं. घरात रमजान-ईदच्या निमित्तानं ज्या वस्तू येतात, त्यांचंही बरंच काही होतं. सरबताची काचेची बाटली स्वच्छ धुऊन तिच्यात पाणी आणि मनी प्लांटची फांदी ठेवली की खिडकी सजते. खजुराच्या रिकाम्या डब्याला जुन्या ओढणीचं कापड चिकटवलं की चमचे ठेवायला डबा तयार. लग्नपत्रिकांचा जाड, सोनेरी कागद तर टाकवतच नाही. त्यातून चाँद-तारे कापून दोऱ्यात ओवले की दाराला झालर होते आणि उरलेल्या कागदाची ईदीची पाकिटं. फक्त पत्रिकेवर अल्लाहचं नाव किंवा आयत असेल तर तेवढा भाग आधी अदबीनं काढून जपून ठेवावा. हे काम मुलांकडे सोपवावं. चाँद थोडा वाकडा कापला गेला तरी चालतो.

दहाव्या रोज्याला आपा साताऱ्याहून आली. येणार नाही म्हणाली होती, पण आली. मी दस्तरख्वान काढू की नको, या विचारात होते. भाईजाननीच तो अंथरला. आपा उभी राहून बघत होती. मग खाली बसली आणि तुकड्यांवरून बोट फिरवू लागली. "ही माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी नेसली होती." "ही दवाखान्यात." "आणि हे हिरवं कुठलं? हे अम्मीचं नाही." मी सांगितलं. आपा काही बोलली नाही.

अजान झाली. खजूर तोंडात घातले गेले. पाचच मिनिटांत तिच्या धाकट्याच्या हातून सरबताचा पेला कलंडला आणि लाल पाणी इरकलीच्या काठापर्यंत गेलं. पोरगा घाबरून आईकडं बघायला लागला. आपानं आपल्या ओढणीनं ते टिपलं आणि त्याला म्हणाली, "राहू दे. नानीच्या साडीवर तू आधीपण सांडलंयस."

तो डाग पुरता निघालेला नाही. ईदनंतर आपा पेटीतले उरलेले काठ पिशवीत भरून घेऊन गेली. सुई कुठली घ्यायची आणि दोरा किती जाड, हे विचारायला तिचा फोन आता आक्कांना जातो. या वर्षी साताऱ्याच्या घरीही एक दस्तरख्वान अंथरला गेला आहे.

ईद आता जवळ आली. घर आवरायला काढलंच असेल, तर एखादी बंद पेटी उघडून बघा. त्यात वापरता न येणारं म्हणून ठेवलेलं जे असेल, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईपुढं ठेवा आणि विचारा, याचं काय होईल?