शेजारधर्माचे बिनतारी जाळे

गावची विहीर, गावचा पार आणि गावची पायवाट या कोणा एकाच्या मालकीच्या नसतात, आणि म्हणूनच त्या राखण्याचे कामही सर्वांचे असते. इंटरनेटविषयी मात्र आपण अद्याप असा विचार करावयास शिकलेलो नाही. ते कंपनीकडून विकत घ्यावयाचे, दरमहा पैसे भरावयाचे, आणि कंपनीची तार किंवा मनोरा आपल्या वस्तीपर्यंत आला नाही तर नशिबाला बोल लावून स्वस्थ बसावयाचे, अशीच बहुतेकांची समजूत असते. परंतु डोंगराच्या आड वसलेल्या वाडीत, नदीपलीकडच्या पाड्यावर किंवा शहराच्या टोकाला असलेल्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबाला स्वस्थ बसून आज भागत नाही. मुलांचे परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्ती, वडीलधाऱ्यांचे निवृत्तिवेतन, शेतमालाचे भाव आणि अडीअडचणीला डॉक्टरांचा सल्ला ही कामे आता इंटरनेटवरून होऊ लागली आहेत. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी हे साधन नव्हते त्या घरातील मुलांचा अभ्यास कसा खुंटला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

या अडचणीवर ठिकठिकाणच्या लोकांनी एक मार्ग काढला आहे. घराघरांच्या छपरांवर लहानशी बिनतारी यंत्रे बसवावयाची, एका छपराने दुसऱ्या छपराशी संधान बांधावयाचे, आणि जेथे इंटरनेटची चांगली तार पोहोचली असेल तेथून ते हातोहात सर्वांपर्यंत न्यावयाचे. यालाच सामुदायिक बिनतारी जाळे म्हणतात.

जाळ्यांची थोडी हकीकत

स्पेनमधील कातालोनिया प्रांतात २००४ साली ओसोना नावाच्या ग्रामीण भागात असे एक जाळे सुरू झाले. कंपन्या तेथील विखुरलेल्या शेतवाड्यांकडे लक्ष देईनात, म्हणून लोकांनीच एकमेकांच्या छपरांवर अँटेना बसविले. ‘गिफी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जाळ्यात पुढे तीस हजारांहून अधिक घरे, कार्यालये व संस्था जोडल्या गेल्या.

आपल्या देशात या कामाची वाट जानेवारी २००५ मध्ये मोकळी झाली. भारत सरकारने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्यावाचून वापरण्यास खुला केला. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी २००५ मध्ये, हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे डोंगरउतारावर विखुरलेल्या संस्थांना जोडणारे जाळे उभे राहिले. त्यासाठी घरगुती वापराचे स्वस्त राउटर घेऊन त्यांतील आज्ञावली बदलण्यात आली, आणि वीज जेथे भरवशाची नव्हती तेथे सौर ऊर्जेची योजना करण्यात आली. पुढे मध्य प्रदेशातील चंदेरी या विणकरांच्या गावीही २०१० साली सुरू झालेल्या एका उपक्रमातून बिनतारी जाळे पोहोचले, आणि स्थानिक तरुणांनाच ती यंत्रे बसविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण देण्यात आले. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील खेड्यांत मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावे जोडण्याचा प्रयोग केला. तात्पर्य, ही गोष्ट आपल्याला परकी राहिलेली नाही.

घरासाठी काय काय लागते?

आपल्या परिसरात असे जाळे असेल आणि त्यात सामील व्हावे असे आपल्या मनात असेल, तर चार वस्तूंची ओळख करून घ्यावी.

पहिली वस्तू म्हणजे छपरावरचे यंत्र. यात अँटेना आणि बिनतारी संच एकाच पेटीत असतात. ऊन-पावसात टिकेल असेच यंत्र घ्यावे. दिवाणखान्यातला राउटर डब्यात घालून छपरावर ठेवणे ही काटकसर पहिल्या पावसाळ्यातच महाग पडते. दुसरी वस्तू म्हणजे यंत्रापासून घरात येणारी जाळ्याची केबल. ती बाहेरच्या वापरासाठी बनविलेली, उन्हाने न तडकणारी असावी, आणि तिची लांबी १०० मीटरच्या आत असावी. तिसरी वस्तू म्हणजे वीज पुरविणारी लहानशी डबी. ती घरात राहते, आणि माहिती वाहणाऱ्या केबलमधूनच छपरावरच्या यंत्राला वीज धाडते. त्यामुळे छपरापर्यंत विजेची निराळी तार न्यावी लागत नाही. काही यंत्रांना २४ व्होल्ट लागतात, तर काहींना ४८. एकाची डबी दुसऱ्याला जोडल्यास यंत्र निकामी होऊ शकते, म्हणून यंत्राबरोबर आलेलीच डबी वापरावी. चौथी वस्तू म्हणजे घरातला राउटर. हा घरातील फोन व संगणक यांना इंटरनेट देतो, आणि आपले घर व सामुदायिक जाळे यांच्यामध्ये दाराचे काम करतो.

खरेदीपूर्वी जाळ्याच्या कार्यकर्त्यांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तेथे कोणत्या लहरी वापरल्या जातात, आणि कोणत्या जातीची यंत्रे एकमेकांशी जुळतात? शेजाऱ्याच्या यंत्राशी बोलू न शकणारे महागडे यंत्र हे मुक्याने बहिऱ्याला हाक मारण्यासारखे आहे.

विजेच्या खर्चाची चिंता गृहिणीला वाटणे साहजिक आहे. छपरावरचे यंत्र ८ वॅट वीज घेते असे धरल्यास अहोरात्र चालूनही महिन्याला सहा युनिटांच्या आतच खर्च होतो.

समोरचे छप्पर दिसते काय?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. या लहरी घराच्या एखाद्या भिंतीतून कशाबशा पार होतात. टेकडी त्यांना पूर्णपणे अडविते, आणि दाट झाडीत त्या विरून जातात. म्हणून आपल्या छपरावर उभे राहून ज्या घराशी जोडणी करावयाची त्याचे छप्पर डोळ्यांना स्वच्छ दिसले पाहिजे.

परंतु नुसते दिसणे पुरेसे नाही. लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत. मधल्या वाटेत त्या फुगीर होतात, आणि तेवढी जागा मोकळी असावी लागते. दोन घरांत २ किलोमीटरचे अंतर असेल आणि लहरी ५.८ गिगाहर्ट्झच्या असतील, तर मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ३ मीटर जागा मोकळी हवी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्याच अंतरावर पावणेपाच मीटर लागतात. मधले आंब्याचे झाड दृष्टिरेषेच्या जेमतेम खाली असेल, तर आज चाललेली जोडणी त्याची वाढ झाली की अडखळू लागेल. वैशाखात निष्पर्ण दिसणारे झाड आषाढात कसे भरून येते, हे आपण जाणताच. पावसाच्या सरींनी या लहरींचे फारसे बिघडत नाही; ओल्या पानांनी मात्र पुष्कळ बिघडते.

समोरचे घर दिसतच नसेल, तर निराश होऊ नये. तिसरे एखादे घर दोघांनाही दिसत असेल. त्या घरच्यांनी आपल्या छपरावर यंत्र बसविण्यास मान्यता दिली की वळसा घेऊन वाट सापडते. अशा वेळी तंत्रज्ञानापेक्षा शेजारधर्मच अधिक उपयोगी पडतो.

छपरावर चढण्यापूर्वी

आता एका गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. या कामात यंत्र बिघडले तर पैसे जातात. निष्काळजीपणा झाला तर माणूस जातो. लोखंडी नळी उभी करताना ती वरून गेलेल्या विजेच्या तारेला लागून प्राणहानी होऊ शकते. म्हणून नळी जेवढ्या लांबीची, त्याहून पुष्कळ अधिक अंतरावर विजेच्या तारा असाव्यात. नळी कोणत्याही बाजूला कोसळली तरी ती तारेपर्यंत पोहोचता कामा नये. कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर एकट्याने चढू नये, ओल्या दिवशी तर मुळीच नव्हे. आभाळ गडगडू लागले की काम अर्धे टाकून खाली उतरावे.

नळी भिंतीला दोन ठिकाणी पक्क्या पकडींनी बसवावी आणि गवंड्याच्या ओळंब्याने ती सरळ आहे की नाही, हे पाहून घ्यावे. वाऱ्याने ती हलली, तर अँटेनाचा रोख बदलतो. नळीला जाड तांब्याच्या तारेने चांगले अर्थिंग द्यावे. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे. केबलवर वीजलाटेपासून बचाव करणारे लहान उपकरण लावावे. असे असले तरी थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणाचाच इलाज चालत नाही. म्हणून जोराच्या गडगडाटाची चिन्हे दिसताच, वादळ येण्यापूर्वीच, डबीची पिन काढून ठेवणे शहाणपणाचे. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळातून ठिबकून जाते आणि भिंतीत शिरत नाही. जेथे माकडांचा उपद्रव असेल तेथे केबल नळीतून न्यावी आणि पकडी दुप्पट घट्ट कराव्यात.

रोख जुळविणे

यंत्र चढले की त्याचा रोख समोरच्या छपराकडे जुळवावयाचा. यासाठी दोन माणसे हवीत: एक छपरावर, दुसरे खाली फोनवर किंवा संगणकावर आकडे पाहणारे. संकेताची शक्ती उणे आकड्यांत दिसते. उणे ६० चांगले, उणे ७० कामचलाऊ, उणे ८० म्हणजे जोडणी केव्हाही तुटण्याचा संभव. उणे ६० आणि उणे ८० यांत फरक थोडा भासला, तरी प्रत्यक्षात शक्तीत तो शंभर पटींचा असतो.

यंत्र बोटभर फिरवावे, थांबावे, आकडा पाहावा. पहिला बरा आकडा आला की लगेच पेच आवळू नये. अँटेनाच्या मुख्य झोताच्या दोहो बाजूंना दुबळे झोत असतात, आणि नवशिके तेथेच फसतात. आकडा वाढत जाऊन पुन्हा घसरू लागेपर्यंत फिरवावे, मग सर्वोत्तम जागी परत यावे. आडवा रोख साधला की उभा साधावा, आणि नंतरच पेच घट्ट करावेत.

यानंतर घरात बसून चार गोष्टी कराव्यात. यंत्राच्या मांडणीत देश म्हणून भारतच निवडावा, म्हणजे लहरी व शक्ती आपल्या कायद्याच्या मर्यादेत राहतात. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. यंत्रातील आज्ञावली अद्ययावत करावी. आणि घरातील वाय-फायला निराळा परवलीचा शब्द द्यावा. सामुदायिक जाळे सर्वांचे असले, तरी आपली कपाटे सर्वांना उघडी ठेवण्याचे कारण नाही.

कायद्याची चौकट

ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीच्या लहरीही परवान्यावाचून वापरण्यास खुल्या केल्या. मात्र लहरींना परवाना नको म्हणजे इंटरनेट विकण्यासही परवाना नको, असा अर्थ कोणी काढू नये. त्या दोन गोष्टी भिन्न आहेत. घरासाठी घेतलेली जोडणी पैसे घेऊन शेजाऱ्यांत वाटणे नियमात बसत नाही. जाळ्यात येणारे इंटरनेट कोणत्या मान्यताप्राप्त कंपनीकडून व कोणत्या करारान्वये येते, हे विचारून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने गावच्या किराणा दुकानदारालाही, परवाना वा नोंदणीशुल्क यांवाचून, सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालविण्याची सोय करून दिली आहे. आपल्या भागात जाळे नसेल, तर ग्रामपंचायतीत किंवा महिला बचत गटात या योजनेचा विषय काढून पाहावा.

आपल्या पलीकडचे घर

शेवटी एक गोष्ट. विजेचे बिल वाचावे म्हणून रात्री घरातले दिवे बंद करणारी आपली माणसे सवयीने ही डबीही बंद करतात. साध्या घरगुती जोडणीत त्याने कोणाचे बिघडत नाही. परंतु अशा जाळ्यात आपले घर अनेकदा मधला दुवा असते. आपल्या पलीकडे, टेकडीच्या उतारावर, चार घरे आपल्याच छपराच्या आधाराने जगाशी जोडलेली असतात. त्यांतील एखाद्या घरी सकाळच्या परीक्षेसाठी मुलगी पहाटे उठून बसलेली असेल, एखाद्या घरी रुग्णासाठी मध्यरात्री डॉक्टरांना गाठावयाचे असेल. आपण बटण दाबले आणि तेथे अंधार झाला, हे आपल्याला कळणारही नाही.

म्हणून ज्या घरांना शक्य असेल त्यांनी डबी व राउटर लहानशा बॅटरीवर ठेवावेत. वीज गेली तरी वाट मोडत नाही. वादळासाठी किंवा गावी जाताना यंत्र बंद करावे लागलेच, तर पलीकडच्यांना आधी निरोप द्यावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, पकडी, केबल व अर्थिंग तपासावे. घरातील एका मुलाला आणि एका मुलीला हे सारे काम शिकवून ठेवावे, म्हणजे दुरुस्तीसाठी शहरातील कारागिराची वाट पाहावी लागणार नाही.

विहिरीवर आपण पाणी भरतो तसा गाळ काढावयासही उतरतो. या नव्या विहिरीलाही तोच नियम लागू आहे. छपरावरचे ते यंत्र आपण आपल्या पैशाने आणले, परंतु ते उभे राहिल्या दिवसापासून काही अंशी पलीकडच्या घराचेही झाले, एवढे ध्यानात ठेवले की हे जाळे टिकेल आणि वाढेलही.