दुसऱ्या दरवाजाचा पहारा

भोरजवळच्या रोहिडा किल्ल्यावर जाणारास एकामागून एक तीन दरवाजे ओलांडावे लागतात. वेल्ह्याकडील राजगडावर तर माचीवर पोंचल्यावरही बालेकिल्ल्याचा महादरवाजा निराळाच. पहिल्या दरवाजाची परवानगी दुसऱ्यावर बंधनकारक नसते, हें तटबंदीचें जुनें तत्त्व होय. आजच्या संगणकांतही तेंच तत्त्व आहे; तें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचा दिवस फुकट जातो.

समजा, भोरच्या एखाद्या कचेरींत रोजचा हिशेब आपोआप मांडणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठीं लिहिलेल्या आज्ञांची यादी, आहे. काल ती चालली. आज 'परवानगी नाहीं' म्हणून थांबली. फोल्डरचे हक्क तपासले तर ते यथास्थित. प्रशासकाच्या अधिकारानें चालविली तरी नकार कायम. कधीं कधीं तर 'फाइल सांपडत नाहीं' असा दिशाभूल करणारा निरोप येतो. अशा वेळीं पहिल्या दरवाजाशीं हुज्जत घालण्यांत अर्थ नसतो. नकार पुढच्या पहाऱ्याचा, म्हणजे संरक्षक प्रणालीचा, असण्याचा संभव असतो.

विंडोज १० मध्यें ऑक्टोबर २०१७ पासून 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नांवाचा असा पहारा आहे. तो चालू केला असतां डॉक्युमेंट्स, पिक्चर्स इत्यादि फोल्डरांत अनोळखी प्रोग्रॅमला लिहितां येत नाहीं. हा पहारा मुळींच काढून टाकावा, असा मोह होतो. परंतु त्याच वर्षीं जूनमध्यें नॉटपेट्या नांवाच्या विध्वंसक प्रोग्रॅमच्या जगभरच्या हल्ल्यांत न्हावाशेवा बंदरांतील एका टर्मिनलचें कामकाज विस्कळीत झालें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

प्रथम नोंद पाहावी. विंडोज सिक्युरिटीच्या 'प्रोटेक्शन हिस्ट्री'त, अथवा इव्हेंट व्ह्यूअरमध्यें ११२३ या क्रमांकाखालीं, अडविलेल्या प्रोग्रॅमचें नांव मिळतें. तेथें बहुधा स्क्रिप्टचें नव्हे, तर ती चालविणाऱ्या पायथनसारख्या प्रोग्रॅमचें नांव आढळतें. पहारेकरी जासुदाला ओळखतो, त्याच्या हातची चिठ्ठी वाचीत नाहीं. जासुदाला कायमची मुभा दिली, तर उद्यां त्यानें आणलेली खोटी चिठ्ठीही बिनदिक्कत आंत जाईल.

म्हणून उत्तम उपाय असा कीं, स्क्रिप्टनें आपला हिशेब पहाऱ्याबाहेरच्या वेगळ्या फोल्डरांत लिहावा. तें शक्यच नसेल, तर त्या एका प्रोग्रॅमपुरती मुभा द्यावी व काम संपतांच ती काढून घ्यावी. दरवाजा एकदां उघडणें निराळें आणि पहारेकरी घरीं पाठविणें निराळें.